हैबतरावांची वाफेची खोली

रोह्याला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या जितेशनं निडीच्या घरी, पडवीच्या कोपऱ्यात, बापासाठी वाफेची काचेची खोली बसवायला घेतली. झालं! गुडघे धरलेले हैबतराव सकाळपासून रस्त्यावर उभे राहून येईल त्याला बातमी सांगत सुटले. कित्येक वर्षं त्यांना मांडी जमली नव्हती. पंगतीत सगळे खाली आणि हे एकटे खुर्चीवर, लग्नातल्या व्हिडिओवाल्यासारखे.

त्यांच्या बायकोला, हौसाकाकूंना, मात्र तो कोपरा वालाच्या कणगीसाठी हवा होता.

"आज सांजच्या पोपटीला मांडी घालून बसलात तर ऱ्हाऊ दे तुमची काच," त्या म्हणाल्या. "नाय तर उद्या तिच्यात वाल भरीन!"

पेणच्या रामवाडीहून खोली बसवायला आलेल्या साईराजनं काचा उभ्या केल्या, नळी जोडली, फटींत सिलिकॉन भरलं.

"काका, हे उद्यापर्यंत वाळू दे."

"उद्या आत वाल असतील! चालू कर."

साईराजनं वाफेच्या तोंडाशी असलेल्या वाटीत नीलगिरीचं तेल ओतायला घेतलं.

"थांब रे! नीलगिरीची नि माझ्या गुडघ्यांची ओळख तरी हाय का?" म्हणत हैबतरावांनी पोपटीसाठी आणलेला भांबुर्डीचा पाला वाटीत कोंबला. पोपटीला वालाच्या शेंगा मडक्यात भाजताना हाच पाला घालतात. त्याचा वास आला की निडीतला माणूस हातातलं काम टाकतो.

बटण दाबलं. वाफ अशी उसळली की हैबतराव काचेआड विरघळलेच. ओल्या सिलिकॉनच्या फटींतून भांबुर्डीचा वास सुटला तो थेट कासूपर्यंत गेला. रोह्याला निघालेली माणसं निडी स्टेशनात उतरली, तिकीट पुढचं असून! बघता बघता अख्खं गाव थाळ्या घेऊन अंगणात पंगत धरून बसलं. आणि मडकं तर अजून भरायचं होतं.

आत हैबतरावांनी गलका ऐकला, वास तर नाकात होताच. माझ्याशिवाय पोपटी काढली? पंचा आवळून ते वाफेसकट धावले, दोघांना ढोसून मध्ये जागा केली आणि धपकन बसले.

"वाढा!"

कोणी हलेना. सगळे त्यांच्या पायांकडे बघत होते.

"अवो, कसे बसलाय बघा तरी!" हौसाकाकू ओरडल्या.

हैबतरावांनी खाली बघितलं. मांडी! चांगली ऐसपैस, नवरदेवासारखी.

"घ्या तुमचा कोपरा," काकू हसू दाबत म्हणाल्या. "आता उठा नि जाळ लावा. गावाला काय वाढू मी?"

"उठत नाय," हैबतराव म्हणाले. "किती वर्षांनी बसलोय गो. जाळ तू लाव."