काळ्या पिनेचा पांढरा पंखा

मित्रांनो, मी जुना टेबलफॅन. माझ्या गळ्यात सुतळीने एक चिठ्ठी बांधली आहे. आधी ती वाचा.

वस्तू: टेबलफॅन, पांढरा.
स्थिती: चालू.
कुठे सापडला: सफाई कामगाराच्या घरी.
मालक:

मालकापुढे काहीच लिहिलेलं नाही. पण मला लाज वाटते ती त्याच्या वरच्या दुसऱ्या ओळीची. 'चालू' या शब्दाची.

खरं तर जन्मापासून सांगायला हवं. सांगतो, पण लवकर उरकतो. कारखान्यात माझ्यासारखे शंभर होते. त्यांतला मी एका शिंप्याच्या दुकानात आलो. कापडाचे तुकडे उडू नयेत म्हणून तो मला कायम एक नंबरवर ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की माझं तोंड तिकडे वळवून म्हणायचा, "आधी पाहुण्यांना घाला वारा, डुलकेराव." त्या वीस वर्षांत मला कुणी नावं ठेवली नाहीत.

शिंपी गेला. दुकान गेलं. त्याच्या मुलाने मला घरी आणून माळ्यावर ठेवलं. मी तेव्हा खर्रखर्र आवाज करायला लागलो होतो आणि दोन मिनिटांत तापायचो. मुलगा म्हणायचा, "बाबांचा आहे. दुरुस्तीला टाकू. बघू." असं 'बघू' सहा वर्षं चाललं. सूनबाई माळ्यावरून काही काढायला चढली की माझा पाय तिच्या डोक्याला लागायचा. दोनदा टेंगूळ आलं. तिचा राग मला कळत होता.

मुलगा महिनाभर कामासाठी बाहेरगावी गेला, तेव्हा तिने मला खाली उतरवलं.

त्या इमारतीच्या फाटकापाशी एक बोर्ड आहे. त्यावर दोन ओळी आहेत:

बिघडलेली विजेची वस्तू टाकताना तिची पिन कापावी.
कचऱ्यातून वस्तू उचलण्यास मनाई आहे.

पहिली ओळ लिहिण्याचं कारण असं, की कुणीतरी टाकलेली इस्त्री उचलून तशीच लावली होती आणि त्याला जोराचा झटका बसला होता. तेव्हापासून तिथले लोक पिन कापतात. पिन कापलेली असली की वस्तू टाकलेली, हे सगळ्यांना ठाऊक. सूनबाईनेही स्वयंपाकघरातल्या कात्रीने कचकन माझी पिन कापली. मला कचऱ्याच्या डब्यावर नेऊन ठेवलं. पिन मात्र टाकवेना. "असू दे, कधी लागेल," असं पुटपुटत तिने ती टेबलाच्या खणात टाकली.

सकाळी कचरा न्यायला मावशी आल्या. सगळी इमारत त्यांना मावशीच म्हणते. त्यांनी माझी वायर हातात घेतली, कापलेलं टोक पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. टाकलेली वस्तू उचलायची, तरी माणूस असा चोरासारखा का बघतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

मावशींच्या घरी पत्र्याखाली त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. पाठीला जखमा झालेल्या. वारा लागला की त्या सुकतील, असं दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं. मावशी तीन रविवार माझ्यापाशी बसल्या. जाळी धुतली, दांडा मोकळा केला, मशीनचं तेल घातलं. दांड्याला काय अडकलं होतं माहीत आहे? दोरे. लाल, निळे, काळे, शिंप्याच्या दुकानातले. त्यांचा गोळा मावशींनी चिमट्याने काढला आणि कागदाच्या पुडीत ठेवला. शेवटी वायरीला पिन लावली. घरात होती ती काळी होती, म्हणून काळी.

मी फिरलो. मान डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आजी पडल्या पडल्या म्हणाल्या, "अगदी जावयासारखा आहे गं. काही विचारायच्या आधीच नाही, नाही!"

मावशी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

इथपर्यंत सांगताना मला बरं वाटतं. इथे थांबता आलं असतं तर.

मुलगा परत आला. माळा रिकामा. "पंखा कुठे?" सूनबाई म्हणाली, "साफसफाईला गॅलरीत ठेवला होता. कुणीतरी नेला असेल." एवढंच. पण 'कुणीतरी' म्हटलं की लोक आपोआप एका माणसाकडे बघतात. तक्रार गेली. मुकादम मावशींच्या घरी आला. मी आजींच्या उशाशी फिरत होतो. त्याने मला आहे तसं उचललं.

पालिकेच्या ऑफिसात सगळे जमले. साहेब खुर्चीत. मुलगा आणि सूनबाई बाकावर. मावशी उभ्या. चोरी ठरली तर त्यांचं काम जाणार होतं.

"कचऱ्यातून घेतला, साहेब," मावशी म्हणाल्या. "बंद होता."

"बंद होता का?" मुकादम म्हणाला. "बघूच."

त्याने माझी पिन भिंतीत लावली.

मित्रांनो, मी किती प्रयत्न केला म्हणून सांगू. पाती आवळून धरायला मला हात नाहीत. त्या क्षणी मी जळून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण मावशींनी मला फार चांगलं दुरुस्त केलं होतं. मी फिरलो. मजेत, आवाज न करता. समोरचे कागद उडाले.

"चालतोय की!" मुकादम म्हणाला. "चालता पंखा कचऱ्यात कोण टाकतं, मावशी? आम्हाला पण सांगा तो डबा कुठला!"

बाकी सगळे हसले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा मला अभिमान होता, तीच मी तिथे केली होती.

मावशींचा आवाज चिरका झाला. "चालतोय कारण मी चालवला! पांढऱ्या पंख्याला काळी पिन बघितलीत का कुणी? पिन कापलेली होती. दांड्यात दोऱ्यांचा गोळा होता. घरी पुडीत आहे, आणून दाखवते."

"दोरे?" मुलाने विचारलं. "कसले दोरे?"

"शिवणाचे. लाल, निळे."

त्याने माझ्या दांड्याकडे पाहिलं. साहेबांनी सूनबाईला विचारलं, "पिन तुम्ही कापली का?" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाही."

"मग उद्या लेखी जबाब घेऊन या," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगा एकटाच आला. मावशी दाराशी उभ्याच होत्या. त्याने खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. पांढरी पिन. मागे दोन बोटं वायर.

"जबाब लिहायला पेन शोधत होतो," तो खाली बघत म्हणाला. "खणात ही सापडली. पंखा आम्हीच टाकला होता. माझं चुकलं. यांना देऊन टाका तो."

"देता येत नाही," साहेब म्हणाले. "टाकलात तेव्हा तुमचा हक्क संपला. डब्यात गेला की तो पालिकेचा. पालिकेची वस्तू तुम्ही कशी देणार?"

"मग टाकला नव्हता असं लिहा. माझा आहे, मी देतो."

"टाकला नव्हता, तर यांनी चोरला."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मावशी म्हणाल्या, "डब्यात गेल्यावर त्यांचा नाही, उचलल्यावर माझा नाही. पालिकेचा म्हणता, तर पालिकेच्या पाठीला जखमा आहेत का?"

साहेबांनी डोळे चोळले. "बाई, नियम मी केलेला नाही."

मुलाने लिहून दिलं: पंखा आम्ही टाकला होता. वडिलांची वस्तू त्याने त्या सहीने सोडली. मावशींचं काम राहिलं, पण 'कचऱ्यातून वस्तू उचलली' अशी ताकीद त्यांच्या कागदांत लागली. बाहेर पडताना मुलगा म्हणाला, "मावशी, आजींना नवा पंखा आणून देतो."

"नको, दादा," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी त्याचंही विचारेल. प्रत्येकाला काय सांगत बसू?" मग त्यांनी दोऱ्यांची पुडी त्याच्या हातात दिली. "हे मात्र तुमचंच आहे."

तेव्हापासून मी या ऑफिसात आहे. उन्हाळा लागल्यावर मला कपाटावरून उतरवलं. मी साहेबांना वारा घालतो, मुकादमाला घालतो. मावशी हजेरीची सही करायला येतात. माझ्यासमोर क्षणभर थांबतात, पदर सैल करतात. मला तिथेच थांबायचं असतं. पण मान थांबत नाही. ती मावशींवरून सरकते आणि मुकादमाकडे जाते.

काल मी त्यांना विचारणार होतो, आजी कशा आहेत. पण पंख्याने काय विचारायचं? मी आपला गेलो भिंतीकडे.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. एखादी वस्तू नकोशी झाली तर जरूर टाका. पण 'मी टाकली' असं कुणाच्या तरी कानावर पडेल एवढ्या मोठ्याने म्हणा. तुम्ही गिळलेला तो एक शब्द दुसऱ्या कुणाला तरी साहेबांसमोर उभं राहून बोलावा लागतो, आणि तिच्या तोंडचा तो कुणी खरा मानत नाही.

मी हे सांगत असतानाच साहेबांनी माझी चिठ्ठी पूर्ण केली. मालकापुढे लिहिलं आहे: 'नाही.' वरची 'चालू'ची ओळ तशीच आहे.