नाव शेवटी

सौदामिनीने फाईल पुन्हा चालवली आणि पडद्यावर हिर्डोशी गावच्या बियाणेवाटपाच्या अडतीस नोंदी एकाखाली एक उतरल्या. आंबेमोहोर, दोन पायल्या. नाचणी, अर्धी पायली. सगळं जागच्या जागी. फक्त 'कोणाला दिले' हा रकाना अडतीसही ठिकाणी कोरा.

"मी म्हणालो नव्हतो?" गंगाधरराव तिच्या खुर्चीमागे उभे होते. भोरमधली ही बियाणे बँक त्यांनीच उभी केलेली. "तिथे नोंदी करणाऱ्या चंद्राबाईंना मोबाईल झेपत नाही. चार वाजता बैठक आहे. हिर्डोशीचं काम आपल्या ऑफिसातल्या स्नेहलकडे देऊन टाकू."

"शिवरे आणि सारोळ्याची नावं मात्र बरोबर येतायत," सौदामिनी म्हणाली.

"म्हणजे तुमचा प्रोग्रॅम ठीक आहे." ते चहाला गेले.

सकाळपासून तिलाही तसंच वाटत होतं. गावोगावच्या मोबाईलवरून येणारी एक्सएमएल फाईल वाचून तिच्यातून एकेक नोंद घडवणारा प्रोग्रॅम तिचाच. त्याने एकदाही चूक दाखवली नव्हती. पण बियाणाच्या मडक्याला हात लावण्याआधी हात धुऊन नमस्कार करणाऱ्या चंद्राबाई तिने पाहिल्या होत्या. एसटी चुकली तर वाडीवाडीला पायी जाणारी ती बाई अडतीस नावं विसरेल?

तिने प्रोग्रॅम बाजूला सारला आणि मूळ फाईलच उघडली.

नावं होती. एकूण एक. फक्त प्रत्येक नोंदीच्या तळाशी.

फॉर्ममध्ये नाव सगळ्यात वर होतं. पण मोबाईल जो रकाना आधी भरला जाईल तो आधी लिहायचा. आणि सौदामिनीचा प्रोग्रॅम ठरल्या क्रमाने वाचायचा. आधी नाव, मग बियाणं, मग माप. नावाच्या जागी बियाणं दिसलं की पुढे सरकायचा, आणि मागून आलेलं नाव न बोलता टाकून द्यायचा.

तिने फोन लावला.

"थांबा जरा ताई, टेकाडावर येते. हितं आवाज तुटतोय." मग धाप, वारा. "हां, बोला."

"चंद्राबाई, फॉर्म भरताना नाव शेवटी लिहिता का?"

"व्हय."

"वर पहिला रकाना नावाचाच आहे ना?"

"हाय की. पर बी पदरात पडल्याबिगर नाव कसं घेऊ? आदी नाव घेतलं अन् मडक्यात बी कमी भरलं, तर त्या बाईनं समद्यांदेखत मोकळ्या पदरानं जायचं व्हय? माज्या सासूनं घालून दिल्यालं हाय ते. बी द्यायचं, मापायचं, मग नाव." त्या थांबल्या. "चुकलं का काय माजं? काम काडून घ्येनार म्हनत्यात."

"नाही, तुमचं नाही चुकलं. माझा प्रोग्रॅम पुढे गेला की मागे वळून बघत नाही."

"मानसं बी असत्यात तशी," चंद्राबाई म्हणाल्या. "समजावून सांगा त्याला. ऐकंल."

सौदामिनी हसली. चंद्राबाईंना क्रम बदलायला सांगणं एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिने उच्चारलं नाही. फोन ठेवून तिने वाचण्याचा भाग पुसला आणि नव्याने लिहायला घेतला: कुठलाही रकाना कुठेही येवो, त्याच्या खुणेवरून ओळखायचा, उचलायचा, त्याच्या जागी ठेवायचा. तीनदा अडलं. चौथ्यांदा कोऱ्या रकान्यात नावं उतरू लागली. फुलाबाई. अंबूबाई. साळूबाई. अडतीस.

गंगाधरराव चष्मा पुसत परत आले आणि पडद्याशी वाकले. बराच वेळ ते नावं वाचत राहिले.

"समजावलंत वाटतं त्यांना?"

"त्यांनी मला."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मग बैठकीत काय सांगू?"

"चूक माझी होती, एवढंच. आणि मोबाईल चंद्राबाईंकडेच राहू दे."

ते मान हलवून निघून गेले. चार वाजायला दहा मिनिटं होती. सौदामिनीने प्रोग्रॅम जतन करण्याआधी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. पहिल्याच ओळीत, कॉलेजपासूनच्या सवयीने, लिहिणारी म्हणून तिचं नाव होतं. ती ओळ तिने तिथून उचलली, सगळी फाईल ओलांडून खाली आली, आणि शेवटच्या ओळीखाली ठेवली.