हीराबाईंनी दिलेलं मशीन

कमलबाईंच्या हातांचं दुखणं सुरू झालं तेव्हा सकाळी उठल्यावर बोटं आखडायची आणि चहा होईपर्यंत मोकळी व्हायची. पुढे ती दुपारपर्यंत आखडलेलीच राहू लागली. ब्याण्णव सालच्या दिवाळीत वरणाचं गरम पातेलं हातातून सुटून पायावर सांडलं, तेव्हा जीवरामभाऊंनी बायकोचं काही एक न ऐकता तिला एसटीत बसवलं आणि धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, गार पाण्यात हात घालायचे नाहीत, काही पिळायचं नाही, घासायचं नाही.

अमळनेरला परतताना कमलबाई खिडकीबाहेर बघत होत्या. दुखण्यापेक्षा त्यांना मोरीतल्या भांड्यांची काळजी होती. भांडी घासायला येणारी बेबाबाई दसऱ्यानंतर सावद्याला लेकीकडे गेली होती. तिथे केळीच्या वखारीत तिला बरं काम मिळालं होतं आणि ती काही परत येणार नव्हती. गल्लीत भांडी घासणाऱ्या दुसऱ्या बायकांची घरं आधीच ठरलेली.

मग भांडी जीवरामभाऊ घासू लागले. तीस वर्षं त्यांनी गावातल्या एका तेलगिरणीत बॉयलर सांभाळला होता, हाताखाली चार माणसं होती. रिटायर झाल्यावरही लोक त्यांना रस्त्यात थांबवून नमस्कार करत. असा माणूस पहाटे, गल्ली जागी व्हायच्या आत, मागच्या अंगणातल्या मोरीवर उकिडवा बसून राखेने ताटं घासायचा. आवाज होऊ नये म्हणून एकेक वाटी हळूच उपडी घालायचा. कमलबाई आत अंथरुणात पडून तो बारीक आवाज ऐकत राहायच्या. नवऱ्याने एका शब्दाने कुरकुर केली नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागायचं.

मुलगा मगन नाशिकला कारखान्यात होता. आईचे हात गेले एवढंच त्याला कळवलं होतं, मोरीवरचं काही नाही. संक्रांतीला त्याचं पत्र आलं. दोघांनी असं एकटं राहण्यात अर्थ नाही, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येतो तेव्हा तुम्हाला घेऊनच जातो, घर भाड्याने देऊन टाकू. पत्र दोनदा वाचून जीवरामभाऊंनी देव्हाऱ्याखाली ठेवलं. नाशिकची दोन खोल्यांची जागा दोघांनीही पाहिली होती. तिथे जाऊन करायचं काय, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता.

शेजारच्या माडीत हस्तीमल कापडवाल्यांचं कुटुंब राहायचं. त्यांच्या पत्नी हीराबाई कमलबाईंपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या, बोलायला फटकळ, पण गल्लीतल्या कुणाच्या भानगडीत न पडणाऱ्या. फेब्रुवारीत एका दुपारी त्या आल्या, ओट्यावर टेकल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. त्यांच्या पुतण्याने मस्कतहून येताना भांडी धुण्याचं मशीन आणलं होतं. वर्षभर ते त्यांच्या बोळात चादर पांघरून पडलं होतं आणि येता-जाता सगळ्यांच्या गुडघ्याला लागत होतं. कमलबाईंनी ते घेऊन जावं.

कमलबाई संकोचल्या. एवढी महागाची वस्तू, आणि तुम्हीच का नाही वापरत, असं त्यांनी विचारलं. तेव्हा हीराबाईंनी सगळी हकीकत सांगितली. ते मशीन भरल्याशिवाय लावायचं नसतं. म्हणजे सकाळची खरकटी भांडी संध्याकाळपर्यंत आत कोंबून ठेवायची. त्यांच्या जैन धर्मात खरकटं दोन घडीसुद्धा तसंच ठेवायचं नाही, त्यात जीव पडतात. बरं, चार ताटांसाठी लावावं तर पाणी वाया जातं, त्याचंही पाप. वर पहिल्याच दिवशी सुनेने त्यात पितळी तांबे घातले, ते काळेठिक्कर होऊन बाहेर आले. त्या दिवसापासून मशीनवर चादर पडली ती पडलीच.

जायला उठल्यावर मात्र त्या दारात थांबल्या.

"आमच्या गच्चीवरून तुमची मोरी दिसते, कमलबाई," त्या हळूच म्हणाल्या. "दोन महिने झाले बघते आहे. घरात कुणाला बोलले नाही, बोलणार पण नाही. पण मशीन घ्या."

कमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायलाही बोटं नीट वळेनात.

दुसऱ्या दिवशी चार माणसांनी मशीन उचलून आणलं. उभं, पांढरं, गोदरेजच्या कपाटाला अर्ध्यात कापल्यासारखं. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या वनाने येऊन टाकीपासून नळी ओढली आणि जाड पिनेचा प्लग बसवला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मशीनपर्यंत जोराने येईना, म्हणून टाकीखाली लोखंडी स्टँड करून ती पुरुषभर उंच चढवली. या सगळ्यात आठ दिवस गेले. मशीनचा कागद इंग्रजीत आणि अरबीत होता. जीवरामभाऊ गिरणीतल्या इंग्रजीवर त्यातलं निम्मं लावत होते, निम्मं अंदाजाने.

पहिल्या दिवशी साबणाच्या खणात त्यांनी कपडे धुण्याची पावडर घातली, चांगली मूठभर. बटण फिरवलं. मशीन घुरघुरायला लागलं तसे दोघं समोर पाट टाकून बसले. पाच मिनिटांत दाराच्या फटीतून पांढरा फेस डोकावला. मग तो ओघळला, फरशीवर पसरला, पाटाखाली शिरला आणि थांबायचं नाव घेईना. जीवरामभाऊ धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पोत्याने फेस अडवायला धावले आणि घसरून त्यातच बसले.

"काय व्हयनं? लागनं का?" कमलबाई घाबरून उठल्या.

लागलं नव्हतं. फेसात बसलेल्या जीवरामभाऊंच्या मिशांनाही फेस होता. कमलबाईंना हसू आलं, आवरेना, हसता हसता त्या भिंतीला टेकल्या. दिवाळीनंतर त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. जीवरामभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग तेही हसायला लागले.

पण त्यानंतरचे पंधरा दिवस हसण्यासारखे नव्हते. पावडर कमी केली तर भांडी तेलकट निघायची. जास्त घातली तर फेस. डाळीचं पातेलं जसं आत गेलं तसंच बाहेर आलं, वर डाळ वाळून घट्ट झालेली. ॲल्युमिनियमची दोन पातेली काळी पडली, त्यांतलं एक कमलबाईंच्या आईने दिलेलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताटांवर पांढरी भुकटी दिसायची, चुना लावून पुसल्यासारखी. पेल्यातून पाणी प्यायलं की जिभेला खरखर लागायची. एकदा मशीन चालू असताना लाइट गेली आणि घरातली सगळी ताटं आत अडकली. दार उघडून गरम पाण्यातून ती काढायचा धीर दोघांनाही झाला नाही. त्या दिवशी त्यांनी केळीच्या पानावर जेवण केलं. जेवताना कमलबाईंनी, हे मशीन हीराबाईंकडे परत पाठवू या आणि मगन म्हणतो तसं नाशिकला जाऊ या, असं सांगून टाकलं. 

 जीवरामभाऊ पाण्याचा पेला उजेडाकडे धरून बघत होते. ती पांढरी भुकटी त्यांनी नखाने खरवडली, जिभेवर ठेवली आणि एकदम सरळ झाले.

"अगं, हा तर क्षार शे," ते म्हणाले. "आपल्या बॉयलरच्या नळ्यांत बसायचा तो."

गिरणीत बोअरचं जड पाणी बॉयलरला सोडण्याआधी त्यातला क्षार काढायचे. त्यासाठी मिठाने धुतली जाणारी एक टाकी असायची, आणि मीठ घालायचं काम तीस वर्षं जीवरामभाऊंच्याच देखरेखीखाली चालायचं. त्यांनी मशीनचा खालचा जाळीचा कप्पा उपसून काढला. तळाशी एक गोल झाकण होतं, ते इतके दिवस कुणी उघडलंच नव्हतं. कागदात त्या झाकणाच्या चित्राशेजारी इंग्रजीत मीठ असं लिहिलेलं होतं. ते वाचून, हे काहीतरी चुकीचं छापलंय, असं समजून त्यांनी सोडून दिलं होतं.

बाजारातून खडे मीठ आलं, धुऊन त्या झाकणाखाली भरलं. साबणाच्या पावडरीऐवजी त्यांनी धुण्याचा सोडा घातला, कारण बॉयलर धुताना गिरणीत तेलाचा चिकटा सोड्यानेच काढायचे आणि सोड्याचा फेस होत नाही. शेवटच्या पाण्यासाठी लिंबूफूल, त्याच्या आंबटपणाने उरलासुरला क्षार निघतो. कमलबाईंनी आपल्या बाजूने नियम केले. आत फक्त स्टील जाईल. तवा, ॲल्युमिनियम आणि पितळ बाहेर. खरकटं आधी पाण्याने काढायचं, डाळीचं पातेलं भिजत घालायचं. लाइट कधी जाते त्याचा अंदाज घेऊन मशीन दुपारी बारानंतर लावायचं.

त्या दिवशी दार उघडलं तर वाफेसोबत ताटं चकचकीत बाहेर आली. जीवरामभाऊंनी एक पेला उचलून डोळ्याला लावला आणि त्यातून बायकोकडे बघितलं. कमलबाईंनी तो हातातून काढून घेतला, पाणी ओतलं आणि प्यायल्या. कुठे खरखर नव्हती.

पहाटेचा मोरीवरचा आवाज बंद झाला. तवा आणि दोन-तीन भांडी उरायची, ती जीवरामभाऊ आता उजेडात, सगळ्यांच्या देखत घासायचे. कुणी काही म्हटलं नाही. बहुधा कुणाला त्यात म्हणण्यासारखं वाटलंच नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मगन आणि त्याची बायको शैला आली. सोनगीरहून जीवरामभाऊंची बहीण झुंबरबाई आली. सणाला खापरावरच्या पुरणपोळ्या तिनेच केल्या, आमरस शैलाने काढला. जेवणं झाली तेव्हा ताटं, वाट्या, रसाचे पेले यांचा ढीग पडला. झुंबरबाईने पदर खोचला, पण कमलबाईंनी तिला बसवलं आणि एकेक भांडं जीवरामभाऊंच्या हातात देत मशीन भरलं. मगन दाराला टेकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कमलबाईंना कळत नव्हतं. सकाळपासून तो नाशिकचा विषय काढायचा म्हणून दोनदा आला होता आणि दोनदा दुसरंच काहीतरी बोलून गेला होता.

मशीन सुरू झालं. वीस मिनिटांनी लाइट गेली आणि सगळं गप्प झालं.

"बघ माय," मगन म्हणाला. "हे असं. मशीनवर किती दिवस काढशील?"

कमलबाई पाटावर बसल्या. मुलापासून लपवलेली गोष्ट आता सांगायला हवी असं त्यांना वाटलं. त्यांनी सांगितलं, दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तुझे आबा पहाटे उठून मोरीवर भांडी घासायचे. मी आत पडून ऐकायचे. ते पुन्हा व्हायचं असेल तर मी आजच तुझ्याबरोबर येते. पण ते पुन्हा होणार नाही.

शैलाने मान खाली घातली. मगनने वडिलांकडे बघितलं. जीवरामभाऊ मात्र घड्याळाकडे बघत होते. अर्ध्या तासाने दिवा लागला आणि मशीन जिथे थांबलं होतं तिथूनच पुन्हा घुरघुरायला लागलं. मशीनच्या बटणाचा काटा सरकू लागला. जीवरामभाऊ कुणाकडेही न बघता म्हणाले, बॉयलरसारखं नाही हे, विझलं की पुन्हा पेटवावं लागत नाही.

मगन आईशेजारी येऊन बसला.

"माय, खरं सांग. तुम्हाला जमेल इथं?"

"जमेल."

त्याचे खांदे खाली आले. इतके, की कमलबाईंच्या लक्षात आलं आणि क्षणभर त्यांना बोचलंही. मग तोच बोलला. शैलाची आई डिसेंबरपासून त्यांच्याकडेच होती, पाय अधू झालेले; आताही तिला शेजाऱ्यांवर सोपवून ते आले होते. रात्री ती स्वयंपाकघरात झोपायची. हे त्याने पत्रात लिहिलं नव्हतं, कारण लिहिलं असतं तर आबा-माय येणारच नाहीत म्हणाले असते, आणि इथे त्यांना एकटं ठेवायची त्याला लाज वाटत होती. चार महिने तो खोलीत कुणाचं अंथरूण कुठे टाकायचं याचाच हिशोब मनात मांडत होता.  शैला रडत होती, पण तिचा चेहरा सैलावलेला दिसत होता.

कमलबाईंनी वाकड्या बोटांनीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. विहिणीला सांग, त्या म्हणाल्या, पावसाळ्याआधी पंधरा दिवस इकडे येऊन राहा, हवापालट होईल. मगनने मान हलवली. त्याला हसायला आलं.

तिसऱ्या दिवशी मुलगा-सून नाशिकच्या एसटीत बसली. देव्हाऱ्याखालचं पत्र जीवरामभाऊंनी चुलीत घातलं. झुंबरबाई जायच्या आधी तिच्याकडून त्यांनी पुरणपोळ्यांचा डबा भरून घेतला आणि तो हीराबाईंकडे पोचवून आले.

दुपारी मशीन थांबल्यावर कमलबाईंनी दार उघडलं. ताटं अजून चटका बसेल न बसेल अशी गरम होती. त्यांनी एक ताट दोन्ही तळव्यांत धरलं आणि तसंच धरून ठेवलं. ऊब बोटांच्या पेरांत शिरली, पेरं हळूहळू सैल झाली. घाई कसलीच नव्हती. ते ताट निवलं तसं त्यांनी ते मांडणीवर लावलं आणि दुसरं घेतलं.