एका बेटाच्या तीन आवृत्त्या

सारं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेल्यामुळे निवृत्त झाल्यावरही तिला सगळे सिस्टरच म्हणत. जिन्यातले शेजारी, औषधांच्या दुकानातला माणूस, एवढंच काय, सख्खा धाकटा भाऊसुद्धा. सिस्टरला दोन गोष्टींचा मनापासून कंटाळा होता. एक, न कळवता घरी येणारी माणसं. दुसरी, वडिलांच्या गोष्टींचं कौतुक. त्या दुपारी दोन्ही एकदमच दारात उभी राहिली.

दारातले गृहस्थ वयस्कर होते आणि त्यांच्या काखेत कागदाची एक लांबलचक गुंडाळी होती. आत येऊन बसायच्या आधीच त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर उलगडली.

"निळ्या राखेच्या बेटाचा नकाशा," ते म्हणाले. "शाळेत असताना काढला होता. तुमच्या वडिलांची गोष्ट वाचून. पुढे जमीनमोजणी खात्यात जन्म काढला, पण इतका मन लावून नकाशा पुन्हा काही काढला नाही."

सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. तिचे वडील, अण्णा, पाणीपुरवठा कचेरीत नोकरी करायचे आणि सकाळी सगळे उठायच्या आत स्वयंपाकघरात बसून तलवारींच्या, जादूगारांच्या, समुद्री राक्षसांच्या गोष्टी लिहायचे. त्या एका स्वस्तातल्या मासिकात यायच्या. मुखपृष्ठावर जबडा पसरलेलं काहीतरी असायचंच. शाळेत मुली तिला 'राक्षसांची लेक' म्हणून चिडवत. तेव्हापासून तिने त्या गोष्टींकडे पाहून जे नाक मुरडलं, ते सरळ केलंच नव्हतं.

नकाशेवाल्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. एक प्रकाशक बाई ही गोष्ट नव्याने छापायला तयार होत्या. पण गोष्ट एक असली तरी छापील रूपं तीन. पहिलं मासिकातलं. दुसरं खिशात मावेल अशा छोट्या पुस्तकातलं, त्यात जवळजवळ एक तृतीयांश मजकूर कापलेला. तिसरं अण्णांनी म्हातारपणी 'सुधारून' काढलेलं, जाड पुठ्ठ्याचं. कुठलं छापायचं ते ठरवण्याआधी तिन्ही शब्दाला शब्द ताडून बघायला हवी होती. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने दुसऱ्या प्रतीत बोट ठेवून बघायचं.

"माझ्या भावाला विचारा," सिस्टर म्हणाली.

"विचारलं. ते म्हणाले, सिस्टरला विचारा."

सिस्टरला हसू आलं, आणि तिथेच ती फसली. शिवाय काम अर्धवट झालेलं तिला खपत नसे. छापायचंच असेल तर नीट छापा, असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशीची दुपार दिली.

गोष्ट तशी साधी होती. तांबड्या केसांची एक तलवारबाज बाई, जिला सगळे तांबडीच म्हणतात, तिच्या धाकट्या बहिणीचा आवाज मुखवट्या नावाचा जादूगार चोरून नेतो आणि निळ्या राखेच्या बेटावर बरणीत कोंडून ठेवतो. एक म्हातारा नावाडी तांबडीला तिकडे घेऊन जातो. बस्स.

नकाशेवाले मासिकातून वाचत, सिस्टर छोट्या पुस्तकावर पट्टी सरकवत जाई. पहिले दोन दिवस ती कामापुरतं काम करत होती. "इथे 'भयंकर' नाही. इथे अख्खा परिच्छेद नाही. हं, पुढे."

नकाशेवाले मात्र प्रत्येक कापाला कळवळत. "खाटीक हो, खाटीक! प्रकाशकाच्या कारकुनाने कात्री चालवली असणार. गळाच कापलाय गोष्टीचा."

सिस्टरने पट्टी पुढे सरकवली. पण तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की जिथून मजकूर काढलाय ती जागा तिला मासिकाशी ताडल्याशिवाय सापडतच नाही. आयुष्यभर तिने कापणारे हात पाहिले होते. काही सर्जन पोट उघडत तेव्हा अंगावर काटा येई, आणि काहींचा टाका असा बसे की महिन्याने पेशंटलाच व्रण शोधावा लागे. हा दुसऱ्या जातीचा हात होता.

"तुम्ही खाटीक म्हणता," ती म्हणाली, "पण मला कुठे रक्त दिसत नाहीये."

"तुम्ही मूळ गोष्ट लहानपणी वाचली नाहीत ना, म्हणून. आता पुढे बघा. माझं सगळ्यात आवडतं वाक्य येतंय. नावाडी तांबडीला बेटावर सोडून परत फिरतो तिथे." त्यांनी डोळे मिटून ते तोंडपाठ म्हटलं. "'पहाटे नाव एकटीच किनाऱ्याला लागली.' काय वाक्य आहे! मी सेवानिवृत्तीच्या भाषणात म्हटलं होतं."

मग त्यांनी चष्मा लावला आणि मासिकातून वाचायला सुरुवात केली. नावाडी परत फिरला. समुद्र उसळला. आठ सोंडांचा राक्षस वर आला. लढाई सुरू झाली ती काही संपेना. नावाड्याने वल्ह्याने एक सोंड तोडली, मग दुसरी. मरताना त्याने दीड पान भाषण केलं. त्यानंतर वादळ, आणि वादळानंतर थेट तांबडी मुखवट्याच्या किल्ल्याच्या दाराशी.

नकाशेवाले थांबले. पान मागे उलटलं, पुढे उलटलं. "पान गळलंय वाटतं."

"आकडे सलग आहेत," सिस्टर वाकून म्हणाली. "तुमचं वाक्य इथे आहे." तिने छोट्या पुस्तकातली आपली पट्टी दाखवली. पट्टीखाली एवढीच एक ओळ होती. राक्षस नाही, सोंडा नाहीत, भाषण नाही. पहाटे नाव एकटीच किनाऱ्याला लागली.

नकाशेवाल्यांनी पट्टी उचलून ती ओळ पुन्हा वाचली. जन्मभर ज्या वाक्यावर जीव टाकला, ते त्या कात्रीच्याच पोटी जन्मलं होतं.

"हे कारकुनाने लिहिलं असेल?" त्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं.

"कसला कारकून!" सिस्टर ताडकन म्हणाली. आणि मग तिला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. अण्णा चिडून घरभर फिरतायत, 'तिसरा हिस्सा काढा म्हणे, ह्याच्या बापाचं काय जातंय!' म्हणून ओरडतायत. मग काही दिवस गप्प. मग गॅलरीत बसून शिसपेन्सिलीने मासिकाची पानंच्या पानं खोडतायत, आणि मध्येच एखादं वाक्य चार वेळा पुटपुटून बघतायत. ती तेव्हा नर्सिंगला होती. परीक्षेचा अभ्यास होत नाही म्हणून त्यांच्यावर खेकसली होती.

"त्यांनीच कापलं," ती म्हणाली. "मी पाहिलंय." आणि जरा थांबून, जणू नव्यानेच ओळख झालेल्या कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाली, "काय हात होता हो माणसाचा."

आता तिसऱ्या रूपाची उत्सुकता तिलाच जास्त. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून तिने ती जागा काढली आणि वाचून दाखवली. "'पहाटे नाव एकटीच किनाऱ्याला लागली, त्यावरून नावाडी प्राणांस मुकला असावा, हे चाणाक्ष तांबडीने तात्काळ ताडले.'"

दोघं इतकी हसली की नकाशेवाल्यांना पाणी द्यावं लागलं.

"म्हातारपणी असंच झालं होतं त्यांचं," डोळे पुसत सिस्टर म्हणाली. "सगळं समजावून सांगायचे. नळ कसा बंद करायचा तेसुद्धा."

पण त्याच जाड पुस्तकाने शेवटच्या पानावर तिची बोलती बंद केली. बरणी फुटते, बहिणीचा आवाज परत येतो, आणि ती पहिला शब्द बोलते. मासिकात ती लांबलचक आभार मानते. छोट्या पुस्तकात 'ताई' एवढंच म्हणते. आणि म्हाताऱ्या अण्णांच्या पुस्तकात ती ओठ ओले करते आणि म्हणते, 'पाणी.'

सिस्टरने पुस्तक टेबलावर ठेवलं. ती ड्यूटीवरून आल्यावर जेवताना अण्णा रोज विचारायचे, आज काय झालं? ती तुटक उत्तरं द्यायची. एकदाच कधीतरी म्हणाली होती, शुद्धीवर येताना कुणीही मोठं काही बोलत नाही, अण्णा, सगळे आधी पाणी मागतात. त्यावर त्यांनी नुसतं 'हं' केलं होतं आणि जेवत राहिले होते. तिला वाटलं होतं, ते ऐकतसुद्धा नाहीयेत.

तिने हे सांगितलं तेव्हा नकाशेवाल्यांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "मग शेवट हाच ठेवू या. छोट्या पुस्तकाला जोडू."

"छे!" सिस्टर म्हणाली. "एकाच्या अंगावर दुसऱ्याची कातडी लावायची नाही. तुम्हीच म्हणाला होतात, एक काहीतरी ठरवायचं."

प्रकाशक बाईंकडे दोघं बरोबर गेली. बाईंचा विचार जाड पुस्तकच छापायचा होता. लेखकाने स्वतः शेवटी सुधारलेलं, म्हणजे तेच खरं, असं त्यांचं म्हणणं. सिस्टरने वाद घातला नाही. तिने तिन्ही प्रतींतली नावाड्याची जागा त्यांच्यासमोर ओळीने मोठ्याने वाचली. पहिल्यांदा बाई चहा पीत ऐकत होत्या. छोट्या पुस्तकाच्या ओळीला त्यांनी कप खाली ठेवला. तिसरी ऐकून त्या म्हणाल्या, "नको, नको, कळलं."

ठरलं ते असं. मुख्य गोष्ट छोट्या पुस्तकातली. मागे, मासिकातली राक्षसाची लढाई अख्खी, कारण ती गाळली असती तर नकाशेवाले अन्नाला शिवले नसते. आणि तिच्या मागे, वेगळ्या पानावर, म्हाताऱ्या अण्णांचा शेवट. नकाशा आतल्या पुठ्ठ्यावर.

"प्रस्तावना कोण लिहिणार?" बाईंनी विचारलं.

नकाशेवाल्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि मग विचारलं, "किती पानं?"

"हवी तेवढी."

"अर्धं पुरे," ती म्हणाली. "पण त्यांच्याबद्दल लिहिणार. राक्षसांबद्दल ह्यांना लिहू दे."

घरी जाताना तिने भावाला फोन लावला. अण्णांच्या बाकीच्या गोष्टींची मासिकं त्याच्या माळ्यावर होती. तो म्हणाला, धूळ फार आहे, पुढच्या महिन्यात काढून देतो. सिस्टर म्हणाली, "तू शिडी धर. मी चढते."