पोस्ट सहाचा जबाब

तुम्ही ऐकलं होतं पंचसाहेब. उगाच मान हलवू नका. वॉकीटॉकीवर त्या माणसानं तुम्हालाच विचारलं होतं, "कंट्रोल, पोस्ट सहा. गाडी फिरली. झेंडा दाखवू का?" दाखवू का म्हणून जो विचारतो, त्यानं झेंडा अजून दाखवलेला नसतो. हे कळायला परदेशात जाऊन शिकावं लागत नाही. तरी अर्ध्या तासानं तुम्ही त्याच माणसापुढं कागद सरकवला आणि म्हणालात, "काका, लिहा. पिवळा झेंडा तात्काळ दाखवला."

आणि व्यंकटीनं ते लिहिलं. ते त्याचं पाप. ते त्याच्याच पदरात राहू द्या. पण कागद तुमचा होता.

पंचांच्या तंबूत पंखा होता. व्यंकटीला बसायला खुर्ची दिली होती. उमरीजवळच्या रेल्वे फाटकावर चौतीस वर्षं गेटमन म्हणून उभा राहिलेला माणूस. साहेब लोकांसमोर खुर्चीवर बसायची त्याची ही पहिलीच वेळ. चहा आला, त्याबरोबर बिस्किटं आली. समोर सोळा वर्षांची धम्मप्रिया उभी होती. हेल्मेट काखेत, केस घामानं कपाळाला चिकटलेले. तिला कुणी बस म्हणालं नव्हतं.

"काका, झेंडा होता ना?" पंचांनी विचारलं.

"होता साहेब."

"कधी दाखवला?"

व्यंकटीनं चहाच्या कपात बघितलं. "गाडी फिरली तवाच."

पोरगी भांडेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. व्यंकटीला तर ती भांडावी असंच वाटत होतं. ती भांडली असती तर कदाचित त्याच्या तोंडून खरं निघालं असतं. पण ती त्याच्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "काका दाखवला म्हणायलेत म्हणजे दाखवलाच असंल. मलाच दिसला न्हाई."

शर्यतीच्या वेळेत दहा सेकंद वाढवायची शिक्षा झाली. पहिली आलेली पोरगी सहावी झाली. ती बाहेर गेल्यावर पंच म्हणाले, "कोट्यातल्या सीटवर बसवलं की असंच होतं." तंबूत हशा पिकला. ती सीट कोट्यातली नव्हती. निवड चाचणीत दोनशे पोरांत पहिली येऊन तिनं ती मिळवली होती. हे व्यंकटीला ठाऊक होतं. तरी तोही हसला.

ते हसणं त्याच्या दातांत अडकून बसलं, ते अजून निघालेलं नाही.

झालं होतं ते असं. लातूरच्या पुढं, शिरूर अनंतपाळच्या रस्त्याला एका बड्या माणसानं गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक बांधला. तिथं पंधरा ते सतरा वर्षांच्या पोरांच्या शर्यती भरायच्या. गाडी एकाच माणसाची, वर छप्पर नाही, चाकं उघडी, बूड जमिनीला टेकल्यासारखं. दहा फेऱ्यांची आखूड शर्यत, वीस मिनिटांत खेळ खलास. त्या दिवशीची शर्यत मोसमातली शेवटची. जो जिंकेल त्याला पुढल्या वर्षीची सीट फुकट. बाकीच्यांचे बाप सीट विकत घेऊ शकत होते. धम्मप्रियाचा बाप अश्वजित भोकरला ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. जिंकली तर पुढं, हरली तर घरी, असा तिचा सरळ हिशोब.

ट्रॅकच्या कडेला झेंडेवाले लागतात. रेल्वेतला झेंडे हाताळलेला माणूस म्हणून व्यंकटीला बोलावणं आलं तेव्हा बायको सरजाबाई म्हणाली, "रिटायर झालाव तरी झेंडा सुटना. मेल्यावर हातात हिरवा देऊ का लाल?"

"हिरवाच दे. वर जायला लाईन क्लिअर पाहिजे," व्यंकटी म्हणाला होता.

सकाळी सगळ्यांना शिकवलं. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका, गाडी हळू, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. धोका दिसला की लगेच हलवायचा, कुणाला विचारायचं नाही. व्यंकटीनं मान डोलावली. मान डोलावणं सोपं असतं. हाताला मात्र चौतीस वर्षांची सवय होती. फाटक लावायचं तर स्टेशन मास्तरचा फोन. मास्तर खात्रीसाठी एक खाजगी नंबर देणार, तो वहीत लिहायचा, आपला नंबर त्याला द्यायचा, मगच फाटकाला हात. विचारल्याशिवाय काही करायचं नाही. खरा धोका दिसला तर तिथंही विचारत बसायचं नसतं, पण त्याच्या फाटकावर तशी वेळ कधी आलीच नाही. चौतीस वर्षांत एक चूक नाही, हे तो चारचौघांत सांगायचा. न विचारताही सांगायचा.

नवव्या फेरीला त्याच्या वळणावर, पोस्ट सहापाशी, एक गाडी गरकन फिरली आणि उलट्या तोंडानं गवताच्या कडेला थांबली. मागून दोन गाड्या येत होत्या. पुढं चार नंबरची, वीरेशची. ट्रॅकवरच्या निम्म्या फलकांवर त्याच्या बापाचं नाव होतं. तिच्या पाठीला चिकटून अकरा नंबरची, धम्मप्रियाची.

व्यंकटीच्या उजव्या हातात झेंडा होता. डावा हात वॉकीटॉकीकडं गेला.

"कंट्रोल, पोस्ट सहा. गाडी फिरली. झेंडा दाखवू का?"

वॉकीटॉकी नुसती खरखरली. तेवढ्यात अकरा नंबरनं आतल्या बाजूनं नाक घातलं आणि चार नंबरला व्यंकटीच्या डोळ्यांदेखत स्वच्छ ओलांडलं. मग वॉकीटॉकीतून कुणीतरी ओरडलं, "अहो दाखवा ना!" तेव्हा कुठं झेंडा वर गेला. तो वीरेशला दिसला. धम्मप्रिया तोवर वळणापार गेली होती. "पिवळा होता, तरी तिनं ओलांडलं," असं वीरेश नंतर म्हणाला. तो पोरगा खोटं बोलला नाही. त्याला दिसला तो झेंडा खराच होता. खोटं एकच माणूस बोलला.

घरी आल्यावर सरजाबाईनं विचारलं, "मोबाईलवर दिसलाव म्हणं तुम्ही. शेजारची दीपमाला सांगत होती. आता लई मोठे झालाव."

"झालो," तो म्हणाला आणि ताटावर बसला. सेवेत चूक नाही म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर होतं. तो उठला आणि भिंतीकडं पाठ करून दुसऱ्या बाजूला बसला.

"तिकडं काय टोचायलं का?" सरजाबाईनं विचारलं.

"ऊन यायलंय."

ऊन येत नव्हतं. आता तो बायकोशीही खोटं बोलत होता, आणि सहज जमत होतं.

आठव्या दिवशी अश्वजितचा फोन आला. शिव्या ऐकायच्या तयारीनं व्यंकटीनं तो उचलला. पण माणूस अदबीनं बोलत होता.

"काका, एक मेहरबानी करा. पोरगी गाडीला हात लावना. म्हणती, माझे डोळे गेले. नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणतो डोळे फर्स्ट क्लास. तरी बसस्टँडवर एक डोळा झाकून पाट्या वाचत बसती. तुम्ही एकदा भोकरला या. तुमच्या हातानं तिला झेंडा दाखवा. तिला दिसला की तिची भीती जाईल."

व्यंकटीला फोनवरच सांगता आलं असतं. तो म्हणाला, "येतो."

भोकरच्या बाहेर मोकळं मैदान आहे. तिथं ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी उभी होती, पुढं लाल अक्षरात एल लिहिलेली. अश्वजितनं व्यंकटीला लिंबाखाली पाणी दिलं. धम्मप्रिया खाली उतरली आणि वाकून व्यंकटीच्या पाया पडायला लागली. तो दोन पावलं मागं सरला.

"नको माय, नको."

"काका, मी लांबून येते. तुम्हाला वाटंल तवा दाखवा. मला सांगू नका."

तो पिवळा झेंडा घेऊन मैदानाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. गाडी धूळ उडवत आली. त्यानं झेंडा वर करायचा अवकाश, गाडी हळू झाली. परत गेली, परत आली. त्यानं झेंडा गुडघ्याजवळ धरला, तरी हळू झाली. लिंबाच्या झाडाआड उभं राहून नुसतं टोक बाहेर काढलं, तरी हळू झाली. अश्वजित पावलं मोजत होता आणि मोठ्यानं ओरडत होता, "तीनशे पावलांवरून दिसला! अगं, घारीचे डोळे हायेत तुझे!" बाप टाळ्या वाजवत होता.

सातव्यांदा गाडी त्याच्यापाशी येऊन थांबली. पोरगी काच खाली करून म्हणाली, "सगळे दिसले."

"दिसले."

"मंग त्या दिवशीच कसा दिसला न्हाई?"

ती त्याला विचारत नव्हती. तिनं तो प्रश्न स्वतःलाच घातला होता, आठ दिवस घालत असेल तसा. तिनं हाताचा तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला आणि डाव्यानं झेंड्याकडं बघायला लागली.

"हात काढ," व्यंकटी म्हणाला. "नव्हता, माय."

"काय?"

"झेंडा नव्हता. तू वळणापार गेल्यावर मी वर केला. मी विचारत बसलो. आन् मंग खोटं बोललो."

अश्वजित जवळ आला होता. त्यानं ऐकलं. तो ओरडला नाही. गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभा राहिला.

"मी हिला काय म्हणलो मालूम हाय का तुम्हाला?" तो थांबत थांबत बोलला. "तंबूत हिनं तुमचा मान राखला. पर घरी येताना म्हणली, पप्पा, झेंडा नव्हता. मी म्हणलो, चौतीस वर्षं रेल्वेत झेंडा धरलेला माणूस, तो कशाला खोटं बोलंल? तुझीच नजर चुकली. माझ्या पोरीला मी खोटं पाडलं, काका. तुमच्यापायी."

व्यंकटीनं पायातली चप्पल काढली आणि खाली बसून ती अश्वजितपुढं ठेवली. "मारा."

"उचला ती," पोरगी कडक आवाजात म्हणाली. "तमाशा नका करू. आधी सांगा, का?"

"चौतीस वर्षांत माझी चूक झाली नव्हती."

"मंग?"

"एवढंच."

एवढंच होतं. त्याला वाटलं होतं, कारण सांगितलं की ते मोठं वाटेल. मोकळ्या मैदानात, उन्हात, पोरीसमोर ते कवडीचं निघालं.

"मी लिहून देतो," तो म्हणाला. "दस्तखत करून देतो."

"मला नको," धम्मप्रिया म्हणाली. "मला आता ठाऊक झालं. ज्यांना पहिला कागद दिलाव, त्यांना द्या."

तिनं गाडी सुरू केली. बाप शेजारी बसला. जाताना तिनं मैदानाला एक फेरी मारली, वेगात, मागचं चाक सरकवत. मग गाडी रस्त्याला लागली. व्यंकटी चप्पल हातात घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून एसटीनं तो लातूरला गेला, तिथून ट्रॅकवर. अर्ज स्वतःच्या हातानं लिहिलेला, खाली कार्बन घालून काढलेली दुसरी प्रत. पंच कार्यालयात होते.

"अरे, काका! या या. पुढच्या मोसमातही पोस्ट सहा तुमचीच बरं का." त्यांनी अर्ज घेतला, वाचला, उलटा करून मागं काही आहे का बघितलं. "हे काय आता?"

"खरं हाय ते."

"असेल. पण निकालावर हरकत घ्यायची मुदत तीस मिनिटं असते. तीही टीमनं घ्यायची. झेंडेवाल्याला हरकतच घेता येत नाही. नियम आहे."

"मी हरकत घेत न्हाई. माझा जबाब बदलतोय."

"तशी तरतूद नाही."

"त्या दिवशी मी वॉकीटॉकीवर विचारलो, ते तुम्ही ऐकलाव का न्हाई?"

पंचांनी दाराकडं बघितलं. दार उघडं होतं. "काका, तुम्ही दमलाय. त्या लोकांनी दबाव आणला का तुमच्यावर? तसं असेल तर सांगा, आपण बघून घेऊ."

"कोन लोक?"

"ते... मुलीकडचे."

मागच्या वेळी अशाच बोलण्यावर व्यंकटी हसला होता. ह्या वेळी त्याचा चेहरा हलला नाही. "दबाव तुम्ही आणलाव. आन् मी आणू दिलो. तिच्या बापानं मला झाडाखाली पाणी पाजलं फकस्त."

"हे बघा, सीट वीरेशला दिली आहे. पत्र गेलंय. आता ह्या कागदाचा काही उपयोग नाही."

"मंग पोच द्या. कागद मिळाला म्हणून शिक्का मारा."

"शिक्का मारला तर उत्तर द्यावं लागतं."

"त्यासाठीच आलोय."

पंचांनी अर्ज टेबलावर परत सरकवला. व्यंकटीनं तो उचलला नाही. शिपायानं खुर्ची पुढं केली, तो बसला नाही. फाटकावर उभा राहायचा तसाच टेबलापुढं उभा राहिला, पाय जुळवून, हात बाजूला. बाहेर ट्रॅकवर कुणीतरी गाडी तापवत होतं. आवाज चढायचा, पडायचा.

"मला घरी पाठवायची घाई करू नका," तो म्हणाला. "मी खोटा हाय, ते मी लिहून दिलंय. आता तुमचं सांगा. ती शर्यत त्या पोरीनं जिंकली का न्हाई? हाव म्हणा, न्हाई तर न्हाई म्हणा. पर तोंडानं म्हणा."