मधल्या भिंतीची चीर

वाचक मित्रांनो, माझ्या मधल्या भिंतीला चीर कशी पडली आणि त्यापायी दोन जुने मित्र कसे दुरावले, याचे खरेखुरे निवेदन मी आज आपणांसमोर करीत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

मी एक जुने, दोन कप्प्यांचे पोलादी पातेले आहे. दुबईच्या देरा भागातील एका सिचुआन पद्धतीच्या चिनी हॉटेलात माझे वास्तव्य आहे. मला हॉटपॉट म्हणतात. मात्र घरी ज्यात पोळ्या गरम ठेवतात, तो मी नव्हे. मला टेबलाच्या मधोमध शेगडीवर ठेवतात. एका कप्प्यात मिरच्या, चरबी आणि तिरफळासारखी जीभ बधिर करणारी मिरी यांचा लालभडक रस्सा उकळतो, दुसऱ्यात मशरूमचा पांढरा. मंडळी कच्चे जिन्नस त्यात शिजवून खातात. मांस खाणारे आणि न खाणारे एकत्र जेवतात ते माझ्या मधल्या भिंतीमुळे, याचा मला फार अभिमान होता.

सुरुवातीस मला मऊ फडक्याने पुसत. पुढे गर्दी वाढली, तसे मला मोरीत आदळू लागले. एका शनिवारी सकाळी भांडी घासणाऱ्या समाधानला भिंतीच्या वरच्या जोडावर केसाएवढी चीर दिसली. त्याने ती मॅनेजरला दाखविली.

"अरे, बाहर पब्लिक खडी है. चलता है, यल्ला!" मॅनेजर म्हणाले. यल्ला म्हणजे इथल्या अरबीत 'चला, आटपा'.

त्या दुपारी माझ्याभोवती भानुदास, त्यांची पत्नी सविता आणि देवदत्त बसले होते. दोघे मित्र अल कुसैसमध्ये भागीदारीत कंत्राटे घेतात. देवदत्तांचे वडील गावी वारले तेव्हा त्यांचे विमान चुकले आणि त्यांना अंत्यदर्शनही घडले नाही. निदान वर्षश्राद्धापर्यंत मांसाला शिवायचे नाही, एवढे तरी वडिलांसाठी पाळावे, असे त्यांनी ठरविले होते. आता अठरा दिवस उरले होते.

नवे काम मिळाल्याचे ते जेवण होते, परंतु भानुदास धुमसत होते.

"वर्षभर क्लायंटबरोबर जेवायला मी एकट्यानंच बसायचं, आणि तू घरी वरणभात!"

"अठरा दिवस राहिलेत, भान्या. मग येतो ना."

भानुदासांनी मटणाचा काप चिमट्यात धरून पांढऱ्या रश्श्यावर नाचविला. "टाकू? कोण बघतंय इथे?"

"अहो, पुरे झालं," सविता म्हणाल्या.

"पुरे काय? बापाला अग्नी द्यायला पोचला नाही, आणि आता मशरूम खाऊन पुण्य कमावतोय!"

देवदत्तांनी आपल्या कप्प्यातील नूडल्स वाटीत ओढल्या. मान खाली घालून ते खात राहिले. चार घास गेल्यावर त्यांचा हात थांबला. पांढऱ्या रश्श्यावर लाल चरबीचा तवंग पसरला होता.

"टाकलंस ना शेवटी?"

"आईशप्पथ, मी नाही रे!"

"माझ्या बाबांवर जीभ चालली तुझी, मग हात कशाला थांबेल? खलास. सोमवारी वकील येईल ऑफिसात. वेगळे होऊ."

देवदत्त निघून गेले. मित्रांनो, तो तवंग माझ्या चिरेतून पाझरला होता. मी नुसते खदखदत राहिले. मला वाचा नाही.

वाढणाऱ्या सोनमने मला आत नेले आणि पांढऱ्या रश्श्यातील लाल तवंगावरून भांडण झाल्याचे समाधानला सांगितले. समाधानने मला रिकामे करून एका कप्प्यात काठोकाठ पाणी भरले. दुसऱ्यात थेंब टपकू लागले. तो मला तसेच उचलून टेबलाशी आला.

"साहेब, मीपण मराठीच. हे बघा, भांडंच गळतंय. सकाळीच चीर दिसली होती मला. तुमचा काही दोष नाही."

"लगेच व्हिडिओ पाठवा त्यांना," सविता म्हणाल्या.

भानुदासांनी एक थेंब बोटावर घेतला. मग म्हणाले, "हे दाखवता येईल गं. पण त्याच्या वडिलांवर जे बोललो, ते कुठल्या भांड्यातून गळलं म्हणून सांगू?"

त्यांनी फोन काढलाच नाही.

मला आता मागील दाराशी ठेवले आहे. मित्रांनो, माझी हात जोडून विनंती आहे: भांडे चुलीवर चढविण्यापूर्वी त्याचे सांधे तपासावेत. आणि चीर दिसलेल्या माणसाने एकदाच सांगून गप्प बसू नये. समाधानच्या मनाला तेच अद्याप खात आहे.

पातेल्याच्या वतीने लिहिणारा, समाधान, मुक्काम मुहैस्नाह. आपण एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.