हरवलेल्या ग्रहाचे पदक

मित्रांनो, मी एक जुने पदक आहे. लोक मला सोन्याचे म्हणतात, पण आत चांदी आहे आणि वर नुसता मुलामा. टांकसाळीत माझ्या एका बाजूला तारा कोरला आणि दुसऱ्या बाजूला नाव: एवारिस्तो गाल्वानी.

एवारिस्तो इटलीतल्या फाएन्झा गावी शाळेत गणित शिकवत. घराच्या गच्चीवर त्यांची दुर्बीण होती. तिच्यातून त्यांना एक नवा, इवलासा ग्रह दिसला. तो तीनदाच दिसला, मग ढग आले. त्या तीन नोंदींवरून त्यांनी ग्रहाचा मार्ग मांडला. देश नुकताच एक झाला होता, त्याला आपला ग्रह मिळाला! फ्लॉरेन्सच्या विद्वत्सभेने मला त्यांच्या कोटावर लावले. चौकात बँड वाजला. त्यांची धाकटी बहीण जिनेव्रा त्यांच्याकडेच राहायची. ती मला मऊ फडक्याने पुसायची.

पुढच्या वर्षी ग्रह पुन्हा दिसायला हवा होता, पण तो दिसला नाही. व्हिएन्नात शोधला, बर्लिनमध्ये शोधला. सांगितलेल्या जागी काळोखाशिवाय काही नव्हते.

"काय मास्तर, पोरगं परतलं का घरी?" न्हावी विचारायचा.

"अहो, भिंगावर माशी बसली असेल!" खुर्चीतले गिऱ्हाईक म्हणायचे.

एवारिस्तो हसून सोडून देत. पण त्यांनी मला कोटाला लावणे बंद केले. हिवाळाभर ते तेच गणित पुन्हा पुन्हा मांडत राहिले. एका दुपारी जेवताना त्यांनी चमचा खाली ठेवला.

"जिनेव्रा, चूक माझीच आहे. तिसऱ्या वेळी मी ग्रह पाहिलाच नाही. शेजारच्या ताऱ्यालाच ग्रह समजलो."

"म्हणजे ग्रह नाहीच?"

"आहे. पण मी सांगितलं त्या वाटेने तो जात नाही."

"मग गप्प बस ना, दादा! कुणाला कळणार आहे? लोकं आधीच हसतायत. उद्या नोकरी गेली म्हणजे?"

"अगं, माणसं डोळे फोडून भलतीकडे शोधतायत. माझ्यामुळे."

ते मला घेऊन फ्लॉरेन्सला गेले आणि भर सभेत आपली चूक सांगितली. अध्यक्ष वाकून हळूच म्हणाले, "बसा हो खाली. सभेच्या अब्रूचा प्रश्न आहे. ढगांवर ढकलू सगळं."

एवारिस्तोंनी मला टेबलावर ठेवले. "ढगांचा काय दोष? माझी तिसरी नोंद तेवढी खोडा."

नोंद खोडली गेली, पण कोणी उठले नाही. त्यांच्याशी कोणी हात मिळवला नाही, ते एकटेच दाराबाहेर पडले. मला मात्र तेव्हा फार थंडी वाजली.

फाएन्झात पालकांनी ओरड केली, की चुकणारा माणूस गणित काय शिकवणार! नोकरी गेली. त्यांनी दुर्बीण विकली. छातीच्या दुखण्याने ते गेले, तेव्हा सभेच्या खणात माझ्यावर काळा थर चढत होता.

पुष्कळ वर्षांनी फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या एका ज्योतिर्विदाला एक लहान ग्रह सापडला. त्याने मार्ग मागे मागे मोजत नेला, तर तो एवारिस्तोंच्या उरलेल्या दोन नोंदींतून नेमका गेला. तिसरी नोंद खोडली नसती, तर हे कधीच जुळले नसते.

सभेला एकाएकी आठवण झाली. मला घासूनपुसून एका गृहस्थाबरोबर जिनेव्राकडे पाठवले. तिचे केस पांढरे झाले होते.

"बाई, सभेला आपल्या बंधूंचा फार अभिमान वाटतो."

"तेव्हा कुठे ठेवला होता हो अभिमान? एकाने तरी दादाला दारापर्यंत सोबत करायची होती."

त्या गृहस्थाने मला तिच्यापुढे धरले. जिनेव्राने मला घरात घेतले नाही. "गावाला द्या," म्हणाली आणि दार लावून घेतले.

आता माझी जागा गावच्या संग्रहालयात आहे. खाली मखमल, वर काच. चिठ्ठीवर लिहिले आहे: ग्रहाच्या शोधाबद्दल. फ्लॉरेन्सच्या त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायला पगारी माणसे आहेत. पण तुमच्या वर्गात कोणी उभा राहून "माझं चुकलं" म्हणाला, तर त्याला हसू नका. बाकावर थोडे सरका आणि त्याला आपल्याजवळ बसवून घ्या.